वेल फोफावतो, फळ का धरत नाही?

(येडशी, जिल्हा धाराशिव येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 शासनाचा माहिती अधिकारी भाषणास उभा राहिला की, एखाद्या योजनेचे कलमवार विवेचन ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची धारणा असते. आज मी तसे करणार नाही. आज मी आपल्याशी भोपळ्याविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावर तो तसा वाटणार नाही, अशी आशा आहे.

शाळाशाळांतून आणि अंगणवाड्यांतून आता परसबागा उभ्या राहत आहेत. मुलांच्या आहारात ताजी भाजी यावी, हा त्यामागील हेतू. अशा परसबागेत लाल भोपळा, ज्याला कोणी डांगर म्हणतात, कोणी काशीफळ, हा सर्वांच्या आवडीचा. तो कमी खर्चात येतो, त्यात जीवनसत्त्व 'अ' देणारे द्रव्य भरपूर असते आणि पक्व फळ घराच्या कोपऱ्यात कित्येक महिने टिकते. परंतु जेथे जावे तेथे एकच तक्रार कानी येते: "साहेब, वेल मांडवभर पसरला, फुलांनी पिवळाधमक झाला, पण भोपळा एक नाही."

मी कला शाखेचा पदवीधर आहे. भोपळ्याशी माझा पहिला परिचय झाला तो लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतून. माणूस बसू शकेल एवढा भोपळा ही कल्पनाच असणार, असे मी समजत होतो. पण २०२३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका स्पर्धेत १,२४७ किलोग्रॅम वजनाचा भोपळा आला आणि २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये तोही विक्रम मागे पडला. त्या महाकाय जातीचे आपल्या भोपळ्याशी नाते चुलतभावाचे आहे. गंमत अशी की, असा राक्षसी वेल लावणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. पाने छत्रीएवढी होतात आणि फळ मात्र लिंबाएवढे होऊन गळून पडते. तेव्हा प्रश्न येडशीचा नाही, वेलाच्या स्वभावाचा आहे. तो मी पुस्तके चाळून व जाणत्या शेतकऱ्यांना विचारून समजून घेतला.

परंतु त्याआधी मला एक घरची हकिकत सांगितली पाहिजे. मी लहान असताना आमच्या गोठ्याच्या छपरावर दरवर्षी भोपळ्याचा वेल चढत असे. एका पावसाळ्यात त्याची कोवळी फळे एकामागून एक पिवळी पडून गळू लागली. आजीने प्रथम आम्हा मुलांना दरडावले, "कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, ते कुजते." आम्ही हात मागे बांधून फिरू लागलो, तरी फळे गळतच राहिली. तेव्हा दोष आमच्या धाकट्या काकूंवर आला. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची सावली वेलावर पडते, असे बोलले गेले आणि त्यांनी दिवसा गोठ्याकडे फिरकू नये, असे ठरले. गोठ्यातील शेण काढण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहिले. ते त्या भल्या पहाटे, घरात कोणी उठण्यापूर्वी उरकून घेऊ लागल्या. काकू काही बोलल्या नाहीत. आजीलाही मी दोष देत नाही. तिला जे सांगण्यात आले होते, तेच तिने पुढे सांगितले. खरी माहिती घेऊन जाणारा कोणी तिच्या अंगणापर्यंत पोहोचला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता वेलाकडे वळू. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात, नर आणि मादी. नर फूल लांब, सडपातळ देठावर असते व त्याच्या मध्यभागी परागकणांनी माखलेला दांडा असतो. मादी फुलाचा देठ आखूड. आणि फूल उमलण्यापूर्वीच त्याच्या खाली गोटीएवढा इवलासा भोपळा दिसतो. येथेच आपली पहिली फसगत होते. तो गोटीएवढा गोळा पाहून आपण म्हणतो, फळ धरले. आणि तो गळाला की म्हणतो, धरलेले फळ गेले. वस्तुतः ते धरलेलेच नसते. तो केवळ फळाचा आराखडा होय. नर फुलातील पराग मादी फुलाच्या मुखावर पुरेसा पोहोचला, तरच त्या आराखड्याचे फळ होते. अन्यथा चार-सहा दिवसांत तो पिवळा पडून गळतो.

वेलावर प्रथम येतात ती बहुधा नर फुले. आठ-पंधरा दिवस केवळ तीच दिसतात आणि पुढेही एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुले असतात. ही नर फुले फळ न देता गळतात म्हणून आपण त्यांना 'वांझ फुले' म्हणतो. मित्रहो, हा शब्द जरा तपासून पाहा. ज्या फुलाविना एकही फळ धरत नाही, त्याला आपण वांझ म्हटले. आणि ते फूल तर नर आहे! शब्द चुकला की विचार चुकतो, आणि विचार चुकला की कोणाच्या तरी वाट्याला विनाकारण शिक्षा येते.

दुसरी गोष्ट वेळेची. भोपळ्याचे फूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते आणि दुपारपूर्वी मिटते, ते पुन्हा उमलत नाही. मादी फुलाच्या आयुष्यात सकाळचे तीन-चार तासच काय ते कामाचे. दुधी व दोडका यांची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून त्यांचे वेळापत्रक भोपळ्याला लागू करता येत नाही. शिवाय भोपळ्याचा पराग जड व चिकट असतो, वाऱ्याने तो उडत नाही. तो वाहून नेण्यास मधमाशीच लागते. आणि एका माशीची एक भेट पुरत नाही, अनेक भेटी व्हाव्या लागतात. पराग अपुरा पडला तर फळ धरले तरी एका बाजूने वाकडे, खुरटलेले राहते.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातील. युरोपीय लोकांच्या समुद्रप्रवासांनंतर तो जगभर आणि आपल्याकडे पसरला. त्याच्या मायदेशी केवळ भोपळ्याच्याच फुलांवर जगणाऱ्या खास मधमाश्या आहेत. त्या भल्या सकाळीच कामास लागतात. बी जहाजातून आले, त्या माश्या मात्र तिकडेच राहिल्या. येथे त्याची सेवा केली ती आपल्या सातेरी, फुलोरी व आग्या माश्यांनी आणि भुंग्यांनी. परमुलखातून आलेल्या या पाहुण्याचा संसार येथील कीटकांच्या आधारावर उभा आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता फळ न धरण्याची कारणे क्रमाने पाहू.

पहिले कारण, घाई. केवळ नर फुलांचा काळ चालू असेल, तर पंधरा दिवस थांबणे हाच उपाय. दुसरे, खताचा अतिरेक. शेणखताच्या खड्ड्यावरच वेल लावला किंवा युरिया सढळ हाताने दिला की, पाने व शेंडे माजतात आणि मादी फुले मागे पडतात. दाट सावलीतही असेच घडते. तिसरे, उष्णता. उन्हाळी लागवडीचा वेल चैत्र-वैशाखात फुलावर येतो. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की परागाची शक्ती क्षीण होते व मादी कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे नित्याचे आहे. म्हणून पेरणी लवकर करावी आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. चौथे, फळमाशी. ती कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते, अळ्या होतात आणि फळ कुजते. बोट दाखविल्याने कुजलेले फळ जर आपण चिरून पाहिले असते, तर आत बोटाचा नव्हे, अळीचा पुरावा मिळाला असता. अशी फळे वेचून नष्ट करावीत व फळमाशीचे सापळे लावावेत. पाचवे, वेलाचा स्वतःचा हिशेब. दोन-तीन फळे पोसत असताना वेल नवी फळे आपणहून टाकतो. महाकाय भोपळे वाढविणारे तर एका वेलावर एकच फळ ठेवतात. ही गळ म्हणजे दोष नव्हे, काटकसर होय.

आणि सहावे कारण, मधमाशी न येणे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र मोठे आहे. खरिपाचा भोपळा श्रावण-भाद्रपदात फुलतो, त्याच सुमारास सोयाबीनवर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, आणि त्या पुष्कळदा सकाळी. ज्या प्रहरी फूल उघडे असते व माशी कामावर असते, त्याच प्रहरी पंप सुरू होतो. शेतकऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण परिणाम शेजारच्या परसबागेपर्यंत पोहोचतो.

यांपैकी कोणते कारण आपल्या वेलाला लागू आहे, हे ओळखावे कसे? शिक्षकांना मी एक साधा प्रयोग सुचवितो. ज्या कळ्यांची टोके सायंकाळी पिवळी दिसू लागतात, त्या दुसऱ्या दिवशी उमलतात. अशा दहा मादी कळ्या मुलांना हेरून ठेवण्यास सांगावे. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नुकतेच उमललेले नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला दांडा मादी फुलाच्या मुखावर सर्व बाजूंनी हळुवार टेकवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. पाच फुलांना असा पराग देऊन देठाला तांबडा दोरा सैल बांधावा. उरलेल्या पाचांना काही न करता पांढरा दोरा बांधावा, आणि आठ दिवसांनी मोजणी करावी. तांबड्या दोऱ्याची फळे वाढली व पांढऱ्या दोऱ्याची गळाली, तर उणीव मधमाशीची आहे. दोन्ही गळाली, तर ऊन, पाणी, खत वा रोग यांकडे पाहावे. फळे वाढू लागून मग कुजली, तर चिरून अळी शोधावी. या प्रयोगास दोन रंगांच्या दोऱ्यांखेरीज खर्च नाही, आणि कारण न शोधता दोष देऊ नये हा धडा त्यातून मुलांना आपोआप मिळतो. शंका उरल्यास तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

हाताने पराग देणे हा परसबागेपुरता उपाय झाला. गावच्या शिवाराला तो पुरणार नाही. तेथे पंचायतीचे काम सुरू होते. सातेरी माशी साधारणपणे आपल्या पोळ्यापासून सुमारे एक किलोमीटरच्या परिघात फिरते. म्हणजे तिचे जगणे-मरणे बहुतांशी एकाच गावाच्या हाती असते. ग्रामसभेने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. फवारणी शक्यतो सायंकाळी, माश्या पोळ्याकडे परतल्यावर करावी आणि तिची सूचना आदल्या दिवशी द्यावी. मधासाठी आग्या मोहोळ जाळण्याची रीत बंद व्हावी. आणि बांधावर, गायरानात जांभूळ, करंज, शेवगा, बोर अशी फुलणारी झाडे राखावीत. येडशीचे भाग्य असे की, १९९७ साली घोषित झालेले सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रामलिंग घाट अभयारण्य आपल्या उशाशी आहे. सातेरी झाडांच्या ढोलीत व खडकांच्या कपारीत राहते. तेव्हा ती झाडी केवळ वन्यप्राण्यांची व यात्रेकरूंची नव्हे; आपल्या शेतावर पहाटे कामाला येणाऱ्या बिनपगारी मजुरांची ती वस्तीही आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. डोंगर आणि झाडी लाभलेल्या गावाने मधमाशीला आपले मानले की काय होते, हे तेथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

शेवटी पुन्हा आमच्या काकूंविषयी. हा विषय अभ्यासताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, आणि त्या पावसाळ्यात पहाटे वेलापाशी असणारी आमच्या घरातील एकमेव व्यक्ती त्याच होत्या. एक नर फूल खुडून मादी फुलाला टेकवायचे, एवढे जर कोणी त्यांना सांगितले असते, तर छपरावर भोपळे लागले असते, आणि ते त्यांच्याच हातून लागले असते. सांगणारे कोणी नव्हते. आज या सभेत सांगू शकणारे शिक्षक आहेत, सेविका आहेत, पंच आहेत. आपापल्या वस्तीवर जाऊन एवढे अवश्य सांगा की, फळ न धरण्याचे कारण फुलात, उन्हात, खतात आणि फवारणीत शोधावे. घरातल्या बाईत शोधू नये.