फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध? खोबरेलाची ४४ महिन्यांची गोष्ट

आजचा विषय तुमच्या घरात फळीवरच उभा आहे. खोबरेल तेल.

एक फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, तेल गोठलं तर अस्सल. आता खोबरेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होतं, हे खरं आहे. पण पाम कर्नेल तेल, म्हणजे पामच्या बीमधलं तेल, तेही फ्रिजमध्ये गोठतं. दोन्हींत जवळपास निम्मं लॉरिक आम्लच असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही टेस्ट चुकीच्या कोडलाही पास करते.

मग प्रयोगशाळा काय बघते? एक आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. तेलात असंतृप्त चरबी किती, याचा तो अंदाज देतो. खोबरेलाचा आकडा साधारण ६ ते ११, पाम कर्नेलचा १४ ते २१. भेसळ थोडीच असेल तर हा आकडाही फसवतो. तेव्हा गॅस क्रोमॅटोग्राफी करून एकेक मेदाम्ल मोजावं लागतं.

दुसरा प्रश्न खवट वासाचा. तेल शुद्ध असूनही खवट असू शकतं. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते ६ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. वाळवण रेंगाळलं की बुरशी धरते, चरबी तुटते आणि तेलातली मुक्त मेदाम्लं वाढतात. काही बुरश्या तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. यात माडाचा काही दोष नाही. बग वाळवणात आहे.

मग माडाला उन्हाचा, पाण्याचा ताण बसला तर तो कुठे दिसतो? मुख्यतः नारळांच्या संख्येत आणि खोबऱ्यात. पण लगेच नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

केरळात कासारगोडला १९१६ पासून नारळावर संशोधन चालू आहे. आज तिथे केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था आहे. माडाचं वेळापत्रक संशोधकांनी असं मांडलंय: पोयीचा अंकुर खोडाच्या शेंड्यात तयार झाल्यापासून ती उमलेपर्यंत साधारण ३२ महिने. उमलल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी १२. एकूण ४४ महिने! म्हणजे मे २०२५ मध्ये उतरवलेल्या नारळाची सुरुवात सप्टेंबर २०२१ च्या आसपास झालेली. मधले सगळे उन्हाळे त्याने सोसलेत. त्यातही अंकुर धरताना, फुलातलं बीजकोश घडताना आणि कोवळी बोंडं असताना पाण्याचा ताण सगळ्यात जास्त नडतो.

हे ऐकायला नुसतं जनरल नॉलेज वाटेल. पण आमच्या रत्नागिरीकडे यावर माडाचा जीव ठरतो. "गेल्या उन्हाळ्यात एवढं शिंपलं, तरी नारळ वाढले नाहीत. तोडून टाका!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. अहो, आज घातलेल्या पाण्याने यंदाची बोंडगळ कमी होईल, पण पूर्ण हिशोब साडेतीन-पावणेचार वर्षांनी मिळणार. डिप्लॉय आज केलं, आउटपुट ४४ महिन्यांनी. एका वर्षाच्या उत्पन्नावर साठ-सत्तर वर्षं जगणारा माड तोडणं म्हणजे लॉग न वाचता सर्व्हर बंद करणं.

मग करायचं काय? बाग असेल तर प्रत्येक माडाला नंबर द्या. दर पाड्याला किती नारळ उतरले ते मोबाइलमधल्या शीटमध्ये लिहा, शेजारी पाऊस-पाण्याची नोंद ठेवा. सोडणं जाळू नका, आळ्यात पसरा, ओल टिकते. नवीन लागवडीआधी रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात जाऊन विचारा. दुष्काळात तग धरणारी चंद्रकल्पसारखी जात आपल्या जमिनीत चालेल का, हेही तिथेच विचारा.

आणि तेल विकत घेत असाल तर फ्रिज राहू दे. घाण्यावर सरळ विचारा: खोबरं कधी वाळवलं, कसं वाळवलं? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरा घाणा शोधा.

तुमच्या परसात माड असेल तर त्याची नोंद आजच सुरू करा. भेटू पुढच्या भागात!