न भरणारी जखम आणि ऑपरेशनची भीती
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी सांगितलं, ‘डॉक्टर आहेस, तर काहीतरी उपयोगाचं बोल.’ शुगर, बीपी आणि गुडघे यांच्यावर आपण सकाळपासून चहाच्या रांगेत बोलतोच आहोत. म्हणून मी वेगळा विषय घेतोय : कातडीचा कॅन्सर आणि त्याचं ऑपरेशन.

आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांइतका हा आजार आपल्याकडे दिसत नाही. चेहऱ्यावर होतोच, पण उन्हाशी संबंध नसलेल्या जागीही होतो : भाजल्याच्या जुन्या व्रणावर, तळपायावर आणि कमरेवरसुद्धा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली सहकाऱ्यासोबत ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली. धोतर गेलं, पण कमरेचा काच राहिला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची; परकराच्या नाडीच्या जागी अठरा महिने न भरणारी जखम. दुसरी चाळीस वर्षं कमरेला घट्ट लुगडं नेसणारी. तिचा आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता.

नाडीच्या प्रत्येक काळ्या वळाचा कॅन्सर होत नाही. फार क्वचित होतो. पण घट्ट नाडीनं कातडी घासते, सोलते, भरते, पुन्हा सोलते. अशा जागी महिनाभरात न भरणारी, कडा जाड झालेली, रक्त किंवा घाण वास येणारी जखम असेल, तर मलम बदलत बसू नका. सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आपल्या आया, मावश्या, सासवा ही जागा लाजेपायी दाखवत नाहीत. तेव्हा विचारायचं आपणच.

आता पुढे काय होतं ते सांगतो. आधी जागा सुन्न करून छोटा तुकडा तपासायला काढतात. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ असं गावोगाव ऐकू येतं. ते खरं नाही. तुकडा न तपासता जखम जाळून घेणं किंवा पाला बांधत बसणं, यात मात्र मोलाचा वेळ जातो.

कॅन्सर निघाला, तर तो सभोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढतात. कंपासमधली पट्टी आठवा. चेहऱ्यावरच्या लहान, सौम्य प्रकाराला बहुतेकदा चार मिलिमीटरची कड पुरते. जुन्या व्रणावरच्या कॅन्सरला दोन सेंटिमीटर किंवा जास्तही लागते. लवकर आलात तर जागा सुन्न करून काम होतं आणि संध्याकाळी घरी जाता येतं. उशीर झाला तर पूर्ण भूल, मोठी जखम, आणि गाठींत आजार असेल तर त्याही काढाव्या लागतात.

खड्डा मोठा असेल तर शेजारची कातडी सरकवून झाकतात, नाहीतर मांडीची पातळ कातडी काढून बसवतात. गंमत अशी, की पेशंटला बसवलेल्या जागेपेक्षा मांडीच जास्त दुखते. ती साधारण दोन आठवड्यांत भरते. बसवलेल्या कातडीवरचं ड्रेसिंग सहसा पाचव्या दिवसाच्या आसपास उघडतात. तोवर ती जागा हलू द्यायची नाही. चेहऱ्याचे टाके आठवड्याभरात निघतात, कमरेचे-पायाचे दोन आठवड्यांनी. व्रण आधी लाल आणि टणक दिसतो. मऊ व्हायला वर्षही लागतं. पहिल्या महिन्यात आरशात बघून निराश होऊ नका.

काढलेला सगळा भाग तपासणीला जातो. ‘कड मोकळी आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. मोकळी नसेल तर पुन्हा थोडं काढावं लागतं किंवा रेडिएशन द्यावं लागतं. त्यानंतर काही वर्षं ठरल्या वेळी दाखवायला जायचं. दुखत नाही म्हणून ते टाळायचं नाही.

खर्चाच्या धास्तीनंही लोक थांबतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन त्याला भेटा.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झालेत, पण अनेकांच्या घरी आई अजून आहे. घरी गेल्यावर तिला एवढंच विचारा, ‘आई, कमरेला काही झोंबतंय का गं?’ आणि नाडीऐवजी रुंद पट्टीचा, सैल परकर शिवून द्या. शिंपी शंभर प्रश्न विचारेल, विचारू द्या.