व्याकरणाचं पुस्तक आणि आजीची वारली

माझं गाव अच्छाड, तालुका तलासरी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या हद्दीला लागून. ट्रकांच्या रांगेत तुम्हीही कधीतरी तिथे अडकला असाल.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्या घरात आजी वारली बोलते, बाबांना वारली आणि मराठी दोन्ही येतात, मला फक्त मराठी. मी शाळेत मागे पडू नये म्हणून माझ्याशी सगळे मराठीच बोलायचे. आजीचं बोलणं मला बरंचसं कळतं, पण उत्तर मराठीतच जातं.

मागच्या वर्षी ठरवलं, शिकायचंच. आमची सवय अशी, की आधी डॉक्युमेंटेशन वाचायचं. म्हणून ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा १९०५ चा सातवा खंड उघडला. त्यात मराठीच्या बोलींमध्ये वारली आहे. या सर्वेक्षणासाठी जागोजागी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली होती. शिवाय २४१ शब्द-वाक्यांची यादी. त्यात घोड्याचं वय काय, इथून काश्मीर किती लांब, असले प्रश्न! बोलींची तुलना करायला एकच यादी हवी, ते पटतं. पण अच्छाडमध्ये हे कोण कोणाला विचारणार?

मग मोरो केशव दामल्यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घेतलं. त्यावरून एक्सेल शीट केली. डावीकडे पुरुष आणि वचन, वर काळ. आजीला विचारलं, "'मी गेलो असतो' हे वारलीत कसं म्हणायचं?"

आजी वारलीतच म्हणाली, कुठे जायचं होतं तुला? गेला असतास, कोणी अडवलं होतं?

मी रकाना रिकामा ठेवला. रात्री लक्षात आलं, मला हवं होतं तसलंच रूप तिच्या बोलण्यात येऊन गेलं होतं आणि मी ते टिपलंच नव्हतं.

आता उलट करतो. आजी लावणीचे दिवस सांगते, लग्नातल्या धवलेरीबद्दल सांगते. मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. मग एकच वाक्य निवडून त्यातला एक प्रत्यय पुस्तकात शोधतो. मराठीपेक्षा वेगळा निघाला, तर वहीत लिहितो. पुस्तक शिकवत नाही, पण ऐकलेलं कुठे बसतं ते दाखवतं.

पुस्तकं कुठे जात नाहीत. आजीने ऐंशी ओलांडली आहे.

परवा तिला वारलीत चहा विचारला. तिने एक शब्द सुधारला आणि पुढे माझ्याशी वारलीतच बोलत राहिली. पहिल्यांदाच.

तुमच्या घरी अशी बोली असेल, तर आज दहा मिनिटं रेकॉर्ड करा. पुस्तक उद्या उघडा.