ट्रॅक्टरचे पंक्चर : टायर दुरुस्त करावा की बदलावा?



कृषिविद्येच्या माणसाने टायरविषयी का बोलावे, असे आपल्याला वाटेल. परंतु नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ट्रॅक्टर पंक्चर होतो तो पुष्कळदा शेतातच, आणि तोही आपल्याच पिकाच्या धसकटाने. तूर किंवा पऱ्हाटी कापताना कोयत्याचा घाव तिरपा बसतो. मागे राहिलेले खुंट उन्हात वाळले की खिळ्यासारखे टणक होते. टायरच्या पट्ट्या उंच असतील तर असे खुंट दबून मोडते. पट्ट्या झिजल्या असतील तर ते पट्ट्यांमधल्या पातळ रबरात शिरून ट्यूबपर्यंत पोहोचते. बांधावरच्या बाभळीचा काटाही तसाच. म्हणून एकाच हंगामात तेच चाक दोन-तीन वेळा बसले, तर दोष केवळ धसकटाचा समजू नये.

तूर-कपाशीनंतरच्या नांगरटीत पंक्चर झाले तर हातात पावसाळ्यापर्यंत वेळ असतो. खरी अडचण होते ती सोयाबीन निघाल्यावर. जमिनीतल्या ओलीवर हरभरा पेरायचा असतो आणि भारी काळ्या जमिनीतही वरची ओल झपाट्याने उडते. त्या वेळी दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, तर नुकसान पंक्चरच्या पैशांत मोजता येत नाही. तेव्हा उन्हाळ्यात टायर उघडला जाईल, तीच तपासणीची संधी समजावी.

पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावत असताना आपण टायरच्या आतून जाड फडके फिरवावे. काटा आतच राहिला असेल तर फडके अडकते. तो न काढता ट्यूब बसवली, तर पुन्हा पंक्चर ठरलेलेच. नंतर टायर उजेडात धरून पाहावा. पट्ट्यांच्या भागात खिळ्याएवढे छिद्र असेल तर टायर टाकून देण्याचे कारण नाही. परंतु आतले धागे तुटलेले किंवा सुटलेले दिसले, बाजूच्या भिंतीला खोल चीर वा फुगवटा असला, किंवा रिमवर बसणाऱ्या काठातली तार उघडी पडली, तर तो टायर बदलावा. आतून गेटर लावून काम भागवण्याची आपल्याकडे सवय आहे. मागच्या चाकाला, शेतातल्या हलक्या कामापुरते ते चालवून घेता येईल. पुढच्या चाकाला गेटर लावू नये, आणि असा टायर घेऊन उसाची ट्रॉली रस्त्यावर ओढू नये. तेथे टायर फुटला तर प्रश्न जिवाचा असतो.

टायरचे वय त्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. 3219 म्हणजे 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या टायरला भेगा पडतात, मग पट्ट्या कितीही शिल्लक असोत. जुना टायर विकत घेणाऱ्यांनी हे आकडे अवश्य वाचावेत. वरून काळा रंग मारलेला असतो, आकडे मात्र खोटे बोलत नाहीत.

एकच टायर बदलावा की जोडी? जोडी बदलणे उत्तम. एक नवा आणि एक फार झिजलेला असला की दोन्ही चाकांची उंची वेगळी होते. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, नांगराची खोली सारखी राहत नाही आणि डिफरन्शियलवर विनाकारण ताण येतो. पैशांची अडचण असेल तर दुसरा टायर निदान तेवढाच झिजलेला असावा. माप बदलू नये. 13.6-28 च्या जागी 14.9-28 बसतो म्हणून बसवला, असे बरेच जण सांगतात. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण ठरलेले असते. ते बिघडले की गिअरचे नुकसान होते.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कराचा दर पाहावा.

चाक काढण्यापूर्वी ट्यूबमध्ये पाणी भरलेले आहे का, हे आठवावे. मागच्या चाकात दीडशे लिटरहून अधिक पाणी असू शकते. ते आधी काढावे, नाहीतर चाक कलंडल्यावर दोन माणसांनाही आवरत नाही. ट्रॅक्टर कडक, सपाट जागेवर उभा करून उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. केवळ जॅकवर विसंबून खाली शिरू नये. धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत. हवा भरताना टायरचा काठ रिमवर बसला नाही तर हवा वाढवत नेऊ नये. 35 पौंडांपर्यंत बसला नाही, तर हवा सोडून, काठाला साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवावा. त्या वेळी चाकासमोर कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

शेतात मागच्या टायरमध्ये साधारण 12 ते 14 पौंड हवा पुरते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. ट्रॉलीसाठी वाढवलेली हवा तशीच ठेवून शेतात उतरल्यास चाक घसरते, डिझेल जास्त लागते आणि ओल्या काळ्या जमिनीत चाकोरी घट्ट दबते. त्या चाकोरीत पुढे हरभऱ्याची मुळे खोल जात नाहीत. धसकटांसाठी तूर जमिनीलगत कापावी आणि पऱ्हाटी शक्यतो चिमट्याने मुळासकट उपटावी. पऱ्हाटी शेतात उभी न राहिल्याने बोंडअळीचाही आसरा कमी होतो.