अग्रहार कोणाचा?

(मंडळाच्या वाचक मेळाव्यातील भाषण)



ज्या बंगळूर नगरीने आपणांस अन्न आणि आश्रय दिला, तिच्या भाषेतील एक तरी कादंबरी सर्वांनी वाचावी, असा सुवर्णमहोत्सवानिमित्त आपला संकल्प होता. त्यासाठी यू. आर. अनंतमूर्ती यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली 'संस्कार' निवडली. काहींनी ती मूळ कन्नडात, तर बहुतेकांनी ए. के. रामानुजन यांच्या १९७६ च्या इंग्रजी अनुवादातून वाचली. तीवरील आपल्या मतांचा गोषवारा सांगण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

दुर्वासपूरच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. तो आचारभ्रष्ट खरा, पण बहिष्कृत नव्हे. मग त्याचे दहन करावे कोणी? जो तो अंग काढून घेतो. इतक्यात त्याची सोबतीण चंद्री खर्चासाठी अंगावरचे दागिने उतरवून ठेवते आणि सर्वांचाच कर्तव्यभाव जागृत होतो! धर्मनिर्णय काही होत नाही. अखेर चंद्रीच एका मुसलमान परिचिताच्या साहाय्याने रात्री गुपचूप दहन उरकते.

एका ज्येष्ठ सभासदांना हे चित्रण एकांगी वाटले. हा आक्षेप जुनाच आहे. १९७० च्या चित्रपटाला मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने प्रथम परवानगी नाकारली होती. पुढे त्यालाच राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. लेखक स्वतः ब्राह्मण घरातले, म्हणून आम्ही या टीकेला निंदा न म्हणता घरातल्या माणसाने घरातच विचारलेला जाब म्हणतो. तरुण भगिनींची तक्रार अधिक मार्मिक वाटली: एवढ्या जाणत्या लेखकानेही चंद्रीला आणि बेळ्ळीला देह दिला, मन मात्र पुरुषांनाच दिले. ही उणीव आम्हांस मान्य आहे.

पुष्कळांचे मत पडले, की ही जुनी गोष्ट. असे अग्रहार आता कोठे राहिले? त्यावर मागच्या रांगेतून एका वहिनींनी विचारले, "आपल्या पंगतीची भांडी घासणाऱ्या बाईंना हळदीकुंकवाचे बोलावणे कधी गेले?" सभागृह स्तब्ध झाले.

आम्हीही स्तब्ध झालो. नवे कुटुंब आले, की आपण प्रथम गाव विचारतो, मग आडनाव. आणि आडनाव कळले, की हसण्याचे माप ठरते. फार काय, मंडळाच्या वधूवर नोंदवहीत जातीचा रकाना पट्टी धरून आम्हीच आखला. त्या वेळी ती आम्हांस केवळ सोय वाटली. दुर्वासपुरातही सर्वांना आपापली सोयच वाटत होती.

परमुलखात आपण जमतो ते मराठी म्हणून. मग आत आल्यावर पुन्हा वेगळी दारे कशाला? हा रकाना यंदापासून काढून टाकावा आणि येत्या संक्रांतीचे पहिले आमंत्रण त्या बाईंना जावे, अशी सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो.