शब्दांना जामीन कोण?



धुळ्यापासून १९९८ साली विभक्त झालेल्या आपल्या या नंदुरबार जिल्ह्याची गणना २०१८ मध्ये नीती आयोगाने गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद यांच्यासह ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केली. ज्याला पूर्वी सरळ मागास म्हणत, त्याला हे सौम्य नाव देण्यात सद्भाव होता, हे मी नाकारीत नाही. परंतु कन्व्हर्जन्स, कोलॅबोरेशन आणि कॉम्पिटिशन ही जी त्रयी त्या नावासोबत दिल्लीहून निघाली, तिच्या मागोमाग कंपन्यांच्या सभागृहांतील सिनर्जी, स्टेकहोल्डर, डिलिव्हरेबल असा सारा लवाजमा येथवर आला, आणि आढावा बैठकीत बसणाऱ्यास वाटू लागले की आपण सातपुड्याच्या पायथ्याशी नसून एखाद्या विमा कंपनीच्या वार्षिक सभेत आहोत.

परक्या शब्दांचे सोवळे मी पाळीत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजले गेले, आणि तरीही दप्तर, वसूल, जामीन, तगाई हे शब्द चावडीवर नांदत राहिले. का, तर त्यांतील प्रत्येक शब्द कोणाला तरी बांधून घेत असे. तगाई म्हटली की देणारे सरकार, घेणारा शेतकरी, रक्कम आणि फेडीची मुदत ही सारी आपसूक उभी राहत. पंचनामा म्हटला की पंचांच्या सह्या आल्या, आणि सही करणाऱ्यास उद्या साक्षीला बोलावता येते.

आता ‘विभागांमध्ये सिनर्जी साधून लास्ट माईल डिलिव्हरी सुदृढ करण्यात येईल’ असे वाक्य घ्या. यात कर्ता नाही, रक्कम नाही, मुदत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांना गाडीरस्ता नाही, तेथून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. तेथला हा लास्ट माईल माणसांच्या खांद्यांवरून पार पडतो. रस्ता कोणी, कधी करावयाचा, हा प्रश्न त्या वाक्याला विचारताच येत नाही, आणि माझा तर संशय असा की तो विचारता येऊ नये म्हणूनच वाक्य इतके गुळगुळीत घासलेले असते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच आकांक्षित जिल्हा कार्यक्रमाचे ४९ निर्देशक रोखठोक होते: पहिल्या तिमाहीत नोंदलेल्या गरोदर स्त्रिया, दवाखान्यातील बाळंतपणे, कमी वजनाची अर्भके. आकडा खोटा असला तर तो खोटा ठरविता येतो. सिनर्जी कधी खोटी ठरत नाही. हे आकडे गोळा करीत आशाताई आणि अंगणवाडीसेविका भिली, पावरी बोलत घरोघर हिंडतात, आणि त्यांच्या हातात वजनकाटा असतो.

दोष केवळ इंग्रजीचा मानून सुटकाही नाही. ‘संबंधितांनी यथोचित कार्यवाही करावी’ हे आपले शुद्ध, सुसंस्कृत मराठी वाक्य त्याच कुळातले आहे, आणि वयाने कितीतरी वडील!

आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीने योजनांवर खर्चिलेल्या निधीच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावयाचा असतो. तो देण्यापूर्वी बैठकीच्या इतिवृत्ताच्या शेवटच्या रकान्यातील ‘संबंधित’ खोडून तेथे एक पदनाम आणि एक तारीख लिहून मागण्यास ग्रामसभेला कोणाचीही आडकाठी नाही.