खोली भाड्यानं घेताना कागद किती द्यायचे?



आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या बाया. महिन्याच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग घरच्या गोष्टी निघतात. जून-जुलै आला की त्यात खोलीचा विषय हटकून येतो. कुणाची लेक परभणीला कृषी विद्यापीठात लागलेली असते, कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलेला असतो. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या कितीतरी जणी लेकरांच्या शाळेसाठी स्वतःच शहरात खोली करून राहतात. आज आपण भाडं किती, डिपॉझिट किती, हे बोलणार नाही. खोली मागताना आपण कोणकोणते कागद आणि घरातली कोणकोणती माहिती दुसऱ्याच्या हातात देतो, त्यावर बोलू.

खोली बघायला गेलं की काय होतं? "आधारची झेरॉक्स द्या." आपण देतो. "पॅन कार्ड पण द्या." देतो. "पासबुक बघू." दाखवतो. मग प्रश्न सुरू होतात. नवरा कुठं असतो? सोबत का राहत नाही? आडनाव काय, म्हणजे कोणत्यातले तुम्ही? आपल्याला निवाऱ्याची घाई असते, शाळा सुरू झालेली असते, म्हणून आपण सगळं सांगतो आणि सगळं देतो. पाच ठिकाणी खोल्या बघितल्या तर पाच ठिकाणी झेरॉक्स राहते. खोली मिळते एकाच ठिकाणी. बाकीच्या चार झेरॉक्स कुठं गेल्या, ते कुणी विचारत नाही.

यात बिघडतं काय, असं कुणी म्हणेल. आम्ही गटाच्या कर्जाच्या फायली भरतो, म्हणून सांगतो. आधार, पॅन, फोटो, सही आणि मोबाईल नंबर ही पाच एकत्र आली की कर्जाची फाईल उभी राहते. ती चुकीच्या हाती पडली तर आपल्या नावावर दुसरंच कुणी सिमकार्ड काढू शकतं, कर्ज मागू शकतं. आपल्याला ते कळतं ते वसुलीवाला दारात आल्यावर.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची आहे. नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेली बाई खोली घेते तेव्हा तिचा नवा पत्ता चार जणांत जाणं हाच तिला धोका असतो. एकट्या राहणाऱ्या मुलीचा फोटो आणि नंबर एजंटाच्या मोबाईलवर गेला, की तो पुढं कुणाकुणाकडं जाईल याला धरबंद नाही. हा तिच्या जिवाचा आणि अब्रूचा प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं ५५ वं कलम सांगतं की भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ही जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानं ती पाळली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. ते खोटं असल्याचं घरमालकाला सिद्ध करावं लागतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचे आदेशही वेळोवेळी निघतात. त्यामुळे घरमालकानं ओळख मागणं यात गैर काही नाही. आपणही अनोळखी माणसाला घरात ठेवणार नाही.

पण ओळख म्हणजे आधारच, असं भाड्याच्या कायद्यात लिहिलेलं नाही. लिहिलेलं असणार कसं? पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका बाईला मिळालं, ते सप्टेंबर २०१० मध्ये. भाड्याचा कायदा त्याच्या दहा वर्षं आधीचा. मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स हीसुद्धा सरकारी ओळखपत्रंच आहेत. आणि खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं आहे.

आम्ही गटात कागदांचे तीन ढीग करायला शिकवतो.

पहिला ढीग द्यायचा. नाव, मूळ गाव, मोबाईल नंबर, फोटो आणि एक ओळखपत्र. तेही खोली पक्की झाल्यावर. नुसती बघायला गेल्यावर नाही. कराराची ऑनलाइन नोंदणी करताना आधार नंबर आणि अंगठा लागतो. तिथं द्या, पण करार आधी वाचून घ्या किंवा वाचून घ्यायला लावा.

दुसरा ढीग दाखवायचा, पण ठेवू द्यायचा नाही. पगाराची चिठ्ठी, कॉलेजची प्रवेश पावती. भाडं भरायची ऐपत आहे का, मुलगी खरंच शिकते का, एवढं त्यातून कळतं. डोळ्यांनी बघितलं की काम झालं.

तिसरा ढीग घरातच ठेवायचा. जातीचा दाखला, घटस्फोटाचे किंवा कोर्टाचे कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेचं पासबुक, सगळ्या घराचं रेशन कार्ड. यातल्या एकाचाही भाड्याशी संबंध नाही. मूळ कागद तर कुणाकडंच ठेवायचे नाहीत. आणि ओटीपी कोणीही मागितला तरी सांगायचा नाही.

झेरॉक्स देतानाही रीत आहे. तिच्यावर आडवं, अक्षरांवरून जाईल असं पेनानं लिहा: "फक्त घरभाडे करारासाठी", घरमालकाचं नाव आणि तारीख. मग ती दुसऱ्या कामाला वापरणं अवघड होतं. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या. आधारच्या वेबसाइटवरून ते फुकट निघतं. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर कागद पाठवला असेल तर प्रिंट निघाल्यावर आपल्यासमोर डिलीट करायला सांगा. लाजायचं काही नाही, दुकानदारालाही त्याची सवय होते.

आता जातीच्या प्रश्नाचं. तिथं कागद झाकून भागत नाही, हे आम्ही अनुभवानं सांगतो. आडनाव ऐकलं की "पाव्हणे येणार आहेत, खोली द्यायची नाही" असं उत्तर मिळालेल्या बाया आमच्या गटांमध्ये आहेत. त्यांना आम्ही म्हणतो, एकटीनं फिरू नका, गटातल्या दोघी सोबत न्या. बोलणं भाडं, पाणी, वीजबिल यावर ठेवा. आणि खोल्या देणाऱ्या गटातल्या मैत्रिणींची यादी आपणच करा.

कारण खोली भाड्यानं देणाऱ्याही आपल्यातल्याच आहेत. दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवा बाया आहेत. त्यांनाही सांगणं आहे. भाडेकरूचे कागद कुलपात ठेवा, ते रद्दीत जाऊ देऊ नका. भाडेकरू गेला की हिशेब मिटवून झेरॉक्स परत द्या किंवा त्याच्यासमोर फाडा. आणि जे कागद लागत नाहीत ते मागूच नका. दुसऱ्याचा कागद ही जोखीम आहे, ती वाढवायची कशाला?

कागद आधीच देऊन झाले असतील तर घाबरू नका, तपासून घ्या. संचार साथी या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, आणि जे आपलं नाही ते तिथंच कळवता येतं. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात आपल्या नावावरची कर्जं दिसतात. पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. कुणी छळत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. वकील हवा असेल तर परभणीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपली आधारची झेरॉक्स कुठं कुठं दिली ते आठवून वहीत लिहा. ज्यांना मास्क्ड आधार काढता येत नाही त्यांना गटातल्या शिकलेल्या पोरीनं काढून द्यावं. आणि ज्या घरची लेक यंदा शिकायला बाहेर निघाली आहे, तिला कागदांचे तीन ढीग घरूनच लावून द्या.